कोळसा ठेवायचा कुठे?

लंडनच्या ब्लूम्सबरी भागात फुटपाथवरून चालताना पायाखाली लोखंडाची गोल झाकणं लागतात. जेवणाच्या ताटाएवढी, बारा-चौदा इंच व्यासाची. कुणावर चांदणी, कुणावर फुलाच्या पाकळ्या, कुणावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी, आणि कडेने ओतीव अक्षरांत कारखान्याचं नाव. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती गटाराची वाटली. पण गटाराचं झाकण दर घरासमोर एकेक कशाला असेल? आणि एखादं पोरही धड आत उतरणार नाही इतकं लहान कशाला?

ती कोळशाची तोंडं. दीड-दोनशे वर्षं लंडनमधल्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांचा हिवाळा त्या भोकातून आत गेला. झाकण गोल, कारण गोल झाकण कसंही फिरवलं तरी आपल्याच भोकातून खाली पडत नाही. चौकोनी असतं तर कर्णावर तिरपं होऊन एक दिवस कुणाच्या तरी डोक्यात पडलं असतं. नक्षी शोभेपुरती नव्हती, पावसात बुटाला पकड मिळावी म्हणूनही होती. आज जी झाकणं पायांनी झिजून गुळगुळीत झाली आहेत ती ओली असताना कशी घसरतात, ते मी अनुभवलेलं आहे. झाकणाला आतून साखळी असे. तळघरातून ती अडकवून ठेवली की रस्त्यावरच्या कुणाला ते उचलता येत नसे.

१८६३ साली शेफर्ड टेलर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला या झाकणांचा नाद लागला. तो रस्तोरस्ती हिंडून त्यांची चित्रं काढत सुटला आणि दीडशेच्या आसपास नमुने त्याने कागदावर उतरवले. या वस्तूला त्याने लॅटिन नाव दिलं, ‘ऑपर्क्युला’. गोगलगाय शंखात शिरल्यावर तोंडाशी जे झाकण ओढून घेते, त्यालाही हाच शब्द आहे. ती चित्रं पुस्तकरूपाने छापली गेली १९२९ साली, टेलर पार म्हातारा झाल्यावर. कोळशाचा धूर, कोळशाच्या खाणी, कोळशावरची इंजिनं यांवर ग्रंथालयं भरली आहेत. कोळसा घरात ठेवायचा कुठे, या साध्या प्रश्नाकडे इतक्या प्रेमाने पाहणारा माणूस विरळा. खरं तर निम्मं शहर या प्रश्नाने घडवलं आहे.

झाकणाखाली काय आहे ते समजायला घर उभं आडवं कापून बघावं लागतं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये भिंतीला भिंत लावून घरांच्या रांगा उठल्या. बांधणारे पाया पूर्ण खोल खणत नसत. अर्धवट खणायचे आणि निघालेली माती पुढच्या बाजूला टाकून रस्ताच उंच करायचे. म्हणून या घरांची मागची बाग रस्त्यापेक्षा एक मजला खाली दिसते. ती मूळ जमीन, रस्ता हा भराव. या भरावात, फुटपाथच्या खाली, विटांच्या कमानी बांधून कोठड्या काढल्या जात. कोठडी आणि घर यांच्यामध्ये खंदकासारखी अरुंद मोकळी जागा. तिला इंग्रज नुसतं ‘एरिया’ म्हणतात. अशी रचना केली की कोळसा घराचा असूनही घरात येत नाही. त्याची धूळ, त्याची ओल, त्याचे उंदीर सगळं रस्त्याखाली. वरून माणसं आणि घोडागाड्या जात, खाली सहा महिन्यांची ऊब पडून असे.

कोळसा यायचा पोत्यांतून. एक पोतं एक हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पौंड, आपले जवळजवळ ५१ किलो. अशी वीस पोती म्हणजे एक टन. कोळसेवाल्याच्या पाठीवर चामड्याचं जाड जाकीट. गाडीच्या कडेला पाठ लावून तो पोतं पाठीवर घेई, झाकणापर्यंत जाई आणि खांद्यावरून पुढे वाकून पोत्याचं तोंड थेट भोकात रिकामं करी. खाली धडधडत ढीग पडे, भोकातून काळा ढग वर येई. रिकामं पोतं तो फुटपाथवर आडवं पसरून ठेवी, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. सगळं उतरवून झालं की घरची बाई बाहेर येऊन पोती मोजणार, हे ठरलेलं. अनेक घरांत हे काम मुलांकडे असे. खिडकीत बसायचं आणि धडधड मोजायची. वीस पोत्यांचे पैसे घेऊन अठराच उतरवणारा कोळसेवाला हा इंग्रजांच्या घरगुती गप्पांतला कायमचा इसम होता, आपल्याकडे दुधात पाणी घालणारा गवळी असतो तसा.

खाली पडलेला कोळसा वर चढवायचा कुणी? मोलकरणीने. पाच मजली घरात आठ-दहा फायरप्लेस असत. हिवाळ्यात तिचा दिवस पहाटे राख काढण्यापासून सुरू होई. मग एरिया ओलांडून कोठडीत जायचं, फावड्याने बादली भरायची आणि मागच्या जिन्याने झोपायच्या खोल्यांपर्यंत न्यायची. भरलेली बादली दहा-बारा किलोंची. त्या घरांचे दिवाणखाने चित्रांत फार सुंदर दिसतात. मागचा अरुंद जिना चित्रात क्वचितच येतो.

किती कोळसा लागे आणि किती जागा? आपल्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते. ती कोळशाने भरली तर साधारण ८०० किलो मावेल, कारण ढेकळांच्या मधे हवा राहते. म्हणजे एक टनाला सव्वा घनमीटर. थंड प्रदेशातलं एक बऱ्यापैकी घर हिवाळ्यात पाच-सहा टन सहज खाऊन टाकी. म्हणजे हजार लिटरच्या सात-आठ टाक्या. एवढी जागा असलेला माणूस उन्हाळ्यात कोळसा भरून ठेवी, कारण उन्हाळ्यात व्यापाऱ्याकडे गिऱ्हाईक नसे आणि भाव उतरलेला असे.

कोकणात आगोटीची खरेदी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे शहाणपण नवं नाही. मृगाच्या आधी लाकूडफाटा पडवीत रचायचा, सुकी मासळी भरायची, मीठ-मिरची भरायची, मग चार महिने वाट अडली तरी घर चालतं. मात्र आपल्याकडच्या कोळशाला अशी बेगमी फारशी लागली नाही. पुण्या-मुंबईकडच्या जुन्या घरांत तो यायचा न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबासाठी किंवा शेगडीसाठी. तोही बहुतेक लाकडी. वखारीतून एक पोतं आणलं, जिन्याखाली टेकवलं, की बरेच दिवस बघायला नको. दगडी कोळशाने घर तापवायची पाळी आपल्या हवेने आपल्यावर आणली नाही. त्यामुळेच फुटपाथखाली खोली बांधण्याची कल्पना आपल्याला गंमतीची वाटते. तिथे ती गरज होती, आणि ज्याला ती परवडत नव्हती त्याचे हाल होते.

त्याच लंडनमध्ये एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला टनाने कोळसा घेता येत नसे. पैसे एकरकमी नसत हे तर खरंच, पण पैसे आले तरी तो ठेवणार कुठे? मग कोपऱ्यावरच्या दुकानातून चौदा पौंड, अठ्ठावीस पौंड असा आठवड्याला, कधी दिवसाला घ्यायचा. किरकोळीचा भाव ठोकपेक्षा चढा आणि कडाक्याच्या थंडीत आणखी चढा. ज्याच्याकडे तळघर, त्याला ऊब स्वस्त. ज्याच्याकडे खोलीचा एक कोपरा, त्याला तीच ऊब महाग. गरिबाला गरीब असण्याचा खर्च वेगळा पडतो तो असा.

ग्लासगोच्या चाळीवजा इमारतींत यावर वेगळा तोडगा होता. तिथे कोळशाची पेटी थेट स्वयंपाकघरातच असे. लाकडी, उघडझाप करायच्या फळीची, भांड्यांच्या मांडणीशेजारी. कोळसेवाला तीन-तीन मजले पोतं चढवून आणी आणि त्या पेटीत ओती. त्यावेळी स्वयंपाकघरात काय उडत असेल याची कल्पना करा. ग्लासगोत ‘टेनमेंट हाउस’ नावाचं एक घर जुन्या सामानासकट जपून ठेवलं आहे, तिथे ही पेटी आजही पाहायला मिळते. पुढे कामगारांना सरकारी घरं मिळायला लागली तेव्हा वरच्या वर्गात एक कुजकट विनोद फिरू लागला, की या लोकांना न्हाणीचा टब दिला तर ते त्यात कोळसा भरून ठेवतील. विनोद करणाऱ्यांच्या घराबाहेर फुटपाथखाली कोठडी होती, हे लक्षात ठेवलं की त्यातलं हसू उरत नाही.

मोजण्याचीही एक गोष्ट आहे, आणि ती मराठी माणसाला चटकन कळेल. १८३० च्या दशकापर्यंत इंग्लंडमध्ये कोळसा वजनाने नव्हे, मापाने विकला जाई. पायली-अधोलीने धान्य मोजावं तसा. माप सपाट नाही, शिगेचं. १८२४ च्या कायद्यात तर शीग किती असावी तेही लिहून ठेवलं होतं: मापाच्या वर शंकूसारखा ढीग, उंची किमान सहा इंच. आता मापाने विकायचं म्हटलं की लबाडीला वाव आलाच. मोठं ढेकूळ फोडलं की त्याचे तुकडे जास्त जागा व्यापतात, कारण तुकड्यांमध्ये पोकळी वाढते. वजन तेवढंच, मापं मात्र जास्त भरतात. म्हणून खाणीतून निघालेलं चांगलं ढेकूळ जहाजावर चढताना, उतरताना, वखारीत, प्रत्येक टप्प्यावर फुटत जाई, आणि ते फुटण्याबद्दल कुणा व्यापाऱ्याला वाईट वाटत नसे. १८३५ च्या सुमारास शिगेचं माप बंद झालं आणि कोळसा तराजूवर आला. मग लबाडीनेही कूस बदलली. कोळशावर पाणी मारायला सुरुवात झाली.

ढेकूळ की चुरा, हा प्रश्न साठवणाऱ्यालाही सोडत नाही. त्यासाठी कोळशाचा स्वभाव समजून घ्यायला हवा.

कोळसा दिसायला दगड आहे, पण तो दगडासारखा स्वस्थ बसत नाही. खाणीतून बाहेर आला की त्याचा पृष्ठभाग हवेतला ऑक्सिजन घेऊ लागतो. हे अतिशय मंद जळणंच आहे, ज्वाळा नसलेलं. त्यात थोडी उष्णता निर्माण होते. आंब्याच्या अढीत हात घातला की आत कशी ऊब लागते, तसंच काहीसं. आंब्यात ती जिवंत फळाच्या श्वसनाची, कोळशात निव्वळ रसायनाची. ही ऊब बाहेर पडून गेली तर काही बिघडत नाही. अडकून राहिली तर तापमान चढतं, आणि चढलं की ऑक्सिजन घेण्याचा वेगही वाढतो. ढोबळ मानाने दर दहा अंशांना तो दुप्पट होतो. साठ-सत्तर अंशांच्या पुढे गेलेला ढीग मग कुणी काडी न लावता पेटू शकतो.

घरच्या कोठडीत असं सहसा होत नाही, कारण टन-दोन टनांच्या ढिगाला पृष्ठभाग भरपूर असतो आणि ऊब निघून जाते. हजारो टनांच्या ढिगाच्या पोटातली ऊब कुठे जाणार? शिवाय हवेचं गणितही चमत्कारिक आहे. ढिगात हवा मुळीच शिरली नाही तर जळणं थांबतं. भरपूर खेळली तर ढीग थंड होतो. घात होतो तो मधल्या अवस्थेत: जळायला पुरेल इतकी हवा, थंड करायला अपुरी. मोठी ढेकळं आणि बारीक चुरा एकत्र टाकले की नेमकी हीच अवस्था तयार होते. ढेकळं हवेला वाट करून देतात आणि चुरा ऑक्सिजन घ्यायला पृष्ठभाग पुरवतो. वाळलेला कोळसा पुन्हा भिजला तर त्या भिजण्यानेही उष्णता सुटते. म्हणून वीजकेंद्रांच्या आवारात कोळशाचे थर बुलडोझरने चेपून घट्ट बसवतात, आधी आलेला माल आधी उचलतात, आणि वाफेचे नळ जातात त्या भिंतीला टेकून कोळसा रचू देत नाहीत. कोवळा लिग्नाइट सर्वात लवकर तापतो, पक्का अँथ्रासाइट सर्वात उशिरा. आपल्या चंद्रपूर-वणीकडचा कोळसा या बाबतीत फारसा सोशिक नाही. उन्हाळ्यात तिथल्या ढिगांतून धूर निघाला की जुन्या कामगारांना नवल वाटत नाही.

पेटलेल्या ढिगावर पाणी ओतावंसं वाटतं. ते बहुधा वरच्या वरच वाहून जातं आणि गाभ्यापर्यंत पोचत नाही. खरा इलाज कष्टाचा आहे: तो भाग खणून बाहेर काढायचा, पसरायचा, थंड होऊ द्यायचा किंवा सरळ भट्टीत घालून वापरून टाकायचा. ‘टायटॅनिक’ १९१२ च्या एप्रिलमध्ये निघाली तेव्हा तिच्या एका कोळशाच्या कोठारात अशीच आग धुमसत होती, आणि भट्टीवाल्यांनी ती याच रीतीने, कोळसा फावड्याने उपसून, हिमनग आडवा येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत संपवली. फ्रेडरिक बॅरेट या भट्टीवाल्याने चौकशीत तशी साक्ष दिली आहे. त्या आगीमुळेच जहाज बुडालं अशी आवई अधूनमधून उठते. मला ती पटत नाही. कोठारात कोळसा धुमसणं ही त्या काळच्या जहाजांवर अपरिचित गोष्ट नव्हती, आणि जहाजाची कूस हिमनगाने फोडली.

आगीपेक्षा चोरपावलाने येणारा धोका दुसराच. कोळसा ऑक्सिजन खातो, म्हणजे बंद जागेतली हवा पोकळ करून टाकतो. सोबत थोडा कार्बन मोनॉक्साइडही सोडतो. त्याला ना रंग, ना वास. जहाजांच्या बंद तळकोठारांत शिडीने उतरलेली माणसं परत वर आली नाहीत, असं अनेकदा घडलं आहे. म्हणून घरातली कोठडी कितीही लहान असली तरी तिला हवेची जाळी हवीच, हा नियम जुन्या गवंड्यांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होता.

विसाव्या शतकात फुटपाथखालची कोठडी मागे पडली आणि परसात सिमेंटची पेटी आली. वरून झाकण उघडून कोळसा ओतायचा, तळाशी सरकती फळी उचलून काढायचा. धान्याच्या कोठीला तळाशी बोळा घालून बुजवलेलं भोक असतं, तीच युक्ती. जुना माल आधी निघतो. या पेटीला ते ‘बंकर’ म्हणत. आपल्याला बंकर म्हटलं की सीमेवरचे जवान आठवतात, श्रीमंतांना गोल्फ आठवतो. ब्रिटनमधल्या आजी-आजोबांना आठवते ती परसातली पेटी आणि बर्फाने अडकून बसलेली तिची फळी.

आता घरातून बाहेर येऊ. कचेऱ्या, शाळा, इस्पितळं, गिरण्या यांनाही कोळसा ठेवावाच लागे. टेम्सकाठच्या सॉमरसेट हाउसमध्ये ब्रिटिश सरकारची अनेक खाती एकाच छताखाली होती. त्याच्या भव्य अंगणाखाली कोळशाच्या कोठड्यांची ओळच आहे. वर कर गोळा करणारे कारकून, खाली त्यांच्या शेगड्यांचा खुराक. आज तिथे चित्रप्रदर्शनं भरतात. या साऱ्या कोठड्या भरणारा कोळसा लंडनला समुद्रमार्गे न्यूकॅसलहून येई, आणि तो मार्ग बंद झाला की राजधानी कुडकुडे. १६४३-४४ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्या लढाईत न्यूकॅसलचा व्यापार बंद पडला तेव्हा लंडनकरांनी आजूबाजूची झाडं तोडून चुलीत घातली. १६६६ च्या आगीनंतर सेंट पॉल्स कॅथेड्रल नव्याने उभं राहिलं ते बरंचसं कोळशावरच्या जकातीतून. ऊब ही अशी वस्तू, की तिच्यावर कर बसवला तरी लोक घेणं थांबवत नाहीत.

१९४७ च्या हिवाळ्यात अख्ख्या देशाची कोठडीच रिकामी निघाली. १ जानेवारीला सरकारने खाणी ताब्यात घेतल्या आणि महिना उलटायच्या आत हिमवादळं सुरू झाली. वीजकेंद्रांकडे साठा मुळातच तुटपुंजा होता. खाणींवर कोळसा पडलेला होता, पण ओला ढीग गोठून एकसंध दगड झाला होता, वाघिणी रुळांवर बर्फात अडकल्या होत्या. इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी ७ फेब्रुवारीला जाहीर केलं की देशाच्या मोठ्या भागात कारखान्यांची वीज बंद होईल. घरांतही दिवसाचे पाच तास वीज तोडली गेली. वीस लाखांहून जास्त लोक काही आठवडे बेकार झाले. युद्ध जिंकलेल्या देशाची कोळशाच्या साठ्यापुढे अशी दशा झाली.

कोळशाचं रेशनिंग तर १९५८ पर्यंत चाललं. त्यातलं एक वळण फार कडू आहे. डिसेंबर १९५२ च्या सुरुवातीला सरकारने हलक्या प्रतीचा, भुकटी मिसळलेला कोळसा रेशनमधून मोकळा केला. ‘नटी स्लॅक’ त्याचं नाव. चांगला कोळसा परदेशी विकून परकीय चलन मिळवायचं होतं. लोकांनी कोठड्या या चुऱ्याने भरल्या. चारच दिवसांनी, ५ डिसेंबरला, लंडनवर धुकं उतरलं आणि ९ तारखेपर्यंत हललं नाही. लाखो धुराड्यांचा धूर त्यात कोंडला. त्या धुराने सुमारे ४,००० माणसं गेली असा त्यावेळचा अंदाज होता, पुढच्या अभ्यासांत तो आकडा १२,००० पर्यंत गेला. सगळा दोष त्या चुऱ्यावर टाकता येणार नाही, कारण धूर शतकभराचा होता. पण १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला आणि शहरांत धूर करणारा कोळसा जाळण्यावर बंधनं आली. फुटपाथवरची झाकणं उघडायची बंद होऊ लागली ती तेव्हापासून.

साठ्याचं राजकारण मात्र संपलं नव्हतं. १९७२ च्या संपात खाणकामगारांनी बर्मिंगहॅममध्ये सॉल्टली इथल्या कोकच्या एका मोठ्या साठ्याची फाटकं १० फेब्रुवारीला बंद पाडली आणि सरकार नमलं. १९७४ च्या सुरुवातीला वीज वाचवायला कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालवावे लागले. मार्गारेट थॅचर यांनी या दोन्ही हिवाळ्यांतून धडा घेतला. वीजकेंद्रांच्या आवारांत आधी कोळशाचे डोंगर उभे केले आणि मग १९८४ चा संप अंगावर घेतला. तोही सुरू झाला मार्चमध्ये, थंडी सरत असताना. वर्षभराने कामगार हरून कामावर परतले. त्या लढाईची कारणं पुष्कळ सांगितली जातात. माझ्या मते निकाल बराचसा त्या ढिगांनी लावला. भरल्या कोठीचा मालक घाई करत नाही.

अमेरिकेत ही गोष्ट आणखी झपाट्याने घडली आणि झपाट्याने पुसली गेली. १९४० च्या जनगणनेत तिथली ५५ टक्के घरं कोळशा-कोकवर तापत होती, २००० साली हजारात एक. तिथे कोळशाची खोली घराच्याच तळघरात असे, खिडकीतून लोखंडी घसरगुंडी लावून भरलेली. आता त्या खोल्यांत कपडे धुण्याची यंत्रं आहेत. मला आवडतात ती पेनसिल्व्हेनियाच्या अँथ्रासाइटच्या आकारांची नावं: अंडं, चेस्टनट, वाटाणा, बकव्हीट, तांदूळ, बार्ली. एखाद्या वाण्याची यादीच. गिऱ्हाइकाने भट्टी पाहून सांगायचं, वाटाणा पाठवा की तांदूळ.

वाटाणा अजून जिवंत आहे, पोलंडमध्ये. तिथे घरगुती बॉयलरमध्ये आपोआप सरकणाऱ्या बारीक कोळशाला ‘एकोग्रोशेक’ म्हणतात. ग्रोशेक म्हणजे वाटाणा. युरोपीय संघात घरं तापवायला जाळल्या जाणाऱ्या कोळशाचा फार मोठा वाटा एकट्या पोलंडचा आहे. क्राकूव शहराने १ सप्टेंबर २०१९ पासून कोळसा आणि लाकूड दोन्ही जाळायला बंदी केली, पण खेड्यांत परसातली कोठडी अजून भरली जाते. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियाचा कोळसा बंद झाला. त्या ऑगस्टमध्ये, ऐन उन्हाळ्यात, लुब्लिनजवळच्या बोग्दांका खाणीबाहेर मोटारी आणि मालगाड्यांची मैलोगणती रांग लागली. लोक गाडीतच झोपत होते, दिवसचे दिवस. सरकारने घरटी ३,००० झ्लॉटी मदत जाहीर केली. पैसे मिळाले, तरी कोळसा बाजारात असायला हवा होता, आणि तो आपल्या कोठडीत पडल्याशिवाय कुणाला झोप लागणार नव्हती.

इंग्लंडमध्ये घरगुती वापराच्या धुराच्या कोळशाची बंद पिशव्यांतली विक्री १ मे २०२१ पासून थांबली, आणि कोळसेवाल्याने दारात आणून ओतायचा सुटा कोळसा १ मे २०२३ पासून. फुटपाथखालच्या कोठड्यांत आता सायकली, वाइन, गॅसचे मीटर आणि कोळ्यांची जाळी. झाकणं मात्र अजून वर आहेत, निदान जिथे पालिकेने ती उचलून सिमेंट भरलेलं नाही तिथे.

लंडनला जाणारा मराठी माणूस प्रिमरोज हिलजवळ डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये जिथे राहिले ते घर बघायला बहुधा जातोच. तुम्हीही गेलात, तर परतताना बस न पकडता जुन्या घरांच्या रांगांमधून थोडं चाला आणि खाली बघत चाला. एखाद्या दारासमोर लोखंडी चांदणी दिसेल. तिच्यावर पाय ठेवताना जरा जपून, पाऊस पडून गेला असेल तर ती घसरते.